टर्बो गाडीचे मस्तक निवडताना

(मंडळात तरुण सभासद व पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवाच्या मांडवात इंजिनावर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. पण बाप्पाचीच गोष्ट आठवा. धड तेच, मस्तक नवे. जोडणारे साक्षात महादेव होते, म्हणून निभावले. गाडीला टर्बो बसवणाऱ्यापुढे हाच प्रश्न असतो. इंजिनाचे मस्तक म्हणजे ईसीयू. ते जुनेच ठेवायचे की नवे घ्यायचे, आणि जोडणार कोण?

आम्ही दोघा भावांनी हा प्रश्न शेवटी ठेवला. वडिलांच्या जुन्या १.३ लिटर पेट्रोल गाडीला टर्बो लावला. राणीगंजच्या खेपा, टर्बो, इंटरकूलर, पाइप यांतच पैसे संपले. उरलेल्यात एक स्वस्त पिगीबॅक डबा आला. मे महिन्यात लग्नासाठी सोलापूरला निघालो. झहीराबादच्या अलीकडे ट्रक ओलांडताना इंजिनातून खडखड आली आणि मागे धूर. उघडून पाहिले, तर एका पिस्टनचा माथा वितळलेला. आई-बाबा मागच्या सीटवर होते. सगळे सुखरूप उतरलो, हे नशीब.

दोष टर्बोचा नव्हता. ईसीयू आत येणारी हवा मोजतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची हे ठरवतो. आमच्या गाडीचा दाबाचा सेन्सर साध्या वातावरणाच्या दाबापर्यंतच, म्हणजे सुमारे १०० किलोपास्कलपर्यंत मोजणारा. हैदराबाद समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब साधारण ९५. टर्बोने त्यात ५० ची भर घातली की झाले १४५. वरची हवा सेन्सरला दिसतच नव्हती, आणि धोक्याचा दिवा लागू नये म्हणून पिगीबॅक ती लपवत होता. हवा जास्त, पेट्रोल तेवढेच, ठिणगी जुन्याच वेळेला. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली मात्र बहुधा १२ भागांच्या आसपास ठेवतात, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता कमी करते. आमचे प्रमाण उलट दिशेला गेले होते.

आता मार्ग तीन. पहिला रीमॅप, म्हणजे मूळ ईसीयू ठेवून त्यातले आकडे बदलणे. पोलो किंवा नेक्सॉनसारख्या कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या गाडीला बहुधा हाच बरा. तिथे ईसीयू, एबीएस आणि चोरीरोधक यंत्रणा एकमेकांशी बोलत असतात. मस्तक उपटले की बाकीचे अवयव रुसतात. दुसरा पिगीबॅक. तो सेन्सरचे संकेत बदलून ईसीयूला चकवतो. टर्बो मुळातच असेल आणि वाढ थोडी असेल तर चालतो. साध्या इंजिनाला नवा टर्बो लावला असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तिसरा स्टँडअलोन, म्हणजे नवे मस्तक. ऑस्ट्रेलियाचे हॅल्टेक व मोटेक, न्यूझीलंडचे लिंक, किंवा हाताने डाग देऊन जोडता येणारे स्वस्त मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनो. जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीला हा मार्ग योग्य.

मग कंपनी कोणती? आम्ही म्हणू, आधी माणूस निवडा. तुमच्या गावातला ट्यूनर ज्या ईसीयूवर रोज काम करतो, तोच तुमच्यासाठी उत्तम. त्याला तीन गोष्टी विचारा. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून हवा-पेट्रोलचे प्रमाण प्रत्यक्ष मोजणार का? नॉक झाला, तेलाचा दाब पडला किंवा टर्बोचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर ईसीयू स्वतः इंजिनाची ताकद कमी करेल का? आणि तयार झालेली फाइल, पासवर्डसकट, आमच्या हातात देणार का? एका प्रश्नालाही टाळाटाळ झाली तर चहा पिऊन घरी या.

पेट्रोलही बदलले आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. जुन्या पेट्रोलवर केलेले ट्यूनिंग नव्यावर पुन्हा तपासून घ्या, आणि तेही एप्रिल-मेच्या उन्हात. गरम हवेत नॉकचा धोका वाढतो.

पालकांसाठी शेवटचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विम्याचा दावाही अडकू शकतो. आम्हीही चुकलोच होतो. मुलांची हौस मोडू नका. पण ती बंदिस्त ट्रॅकवर, त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या गाडीवर होऊ द्या.

वडिलांच्या गाडीचा टर्बो आम्ही उतरवला आणि इंजिन मूळ रूपात बांधून दिले. बाबा रागावले नाहीत. किल्ली हातात घेत एवढेच म्हणाले, "अरे, पुढच्या वेळी आधी डोकं घ्या, मग बाकीचं."

गणपती बाप्पा मोरया!