पेटी उघडली तेव्हा



आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठाला. संत नामदेवांची नर्सी जवळच. त्यामुळे गावात दुसरं काही असो-नसो, भजनी मंडळ आहेच. त्या मंडळात मी कित्येक वर्षं पेटी वाजवतो. वाजवतो म्हणजे, गाणाऱ्याला अडचण होऊ नये इतपत.

गोष्ट २००७ सालची. कोजागिरी झाली आणि देवळात पहाटेचा काकडा सुरू झाला. आमच्या मंडळात तेव्हा एक बुवा होते, पंचाहत्तरी ओलांडलेले. काकड्याच्या काही चाली त्यांनी आपल्या चुलत्यांकडून घेतलेल्या. मी तरी त्या दुसऱ्या गावात ऐकल्या नाहीत. कामासाठी पुण्याला गेलेली गावची पोरं दिवाळीला आली आणि म्हणाली, "गुरुजी, बुवांच्या चालींची सीडी करा." भाच्याने त्याचा जुना संगणक आणून दिला, त्यात ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. नांदेडहून एक माइक आणला. झाला आमचा स्टुडिओ!

माइक एकच, त्यामुळे पेटीखाली बुवांचा आवाज दबू लागला. भाच्याने तोड सुचवली. आधी नुसती पेटी मुद्रित करायची, मग बुवांनी ती कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकत गायचं. संगणक दोन्ही एकत्र करील. बुवांनी एक ओळ म्हटली आणि हेडफोन काढून ठेवला. "गुरुजी, माझाच आवाज माझ्या मागून यायलाय की!"

खरंच येत होता. पुढे मला त्याचं कारण कळलं. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो. ते एकेक करून पुढे देत नाही, आधी ओंजळ भरतो आणि मग ओततो. ओंजळ लहान ठेवली तर जुन्या यंत्राची दमछाक होते आणि आवाजात कटकट येते. मोठी ठेवली तर आवाज उशिरा पोचतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला, तर पेटीवाला साडेतीन मीटर लांब बसल्यासारखा आहे, तेवढं चालतं. आमचा पेटीवाला मात्र देवळाबाहेर पाराजवळ बसला असावा, इतका उशीर होता. भाच्याने ही ओंजळ लहान-मोठी करण्यात दोन दिवस घालवले. मध्येच पडदा गोठायचा, मध्येच सॉफ्टवेअर स्वतःहून बंद व्हायचं. का, ते कधी सांगायचं नाही. मी वर्गात चुकलेल्या पोरालासुद्धा कारण विचारतो. इथे विचारायचं कुणाला?

तिसऱ्या दिवशी दुपारी जमलं. बुवा सलग चाळीस मिनिटं गायले. आवाज थोडा कापरा, पण चाल पक्की. शेवटचा अभंग चालू असताना वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, वेळापत्रकात नसतानाही वीज जायची. बॅटरीने दोन मिनिटांचा आधार द्यायचा, तो दिला नाही. मी मध्ये एकदाही 'सेव्ह' केलं नव्हतं. ही चूक माझी, ती सॉफ्टवेअरवर ढकलत नाही. पण रात्री वीज आल्यावर भाच्याला त्यात आकडे घातलेल्या शेकडो बारीक फायली सापडल्या. त्या कोणत्या क्रमाने जोडायच्या, ते सॉफ्टवेअरलाही सांगता येईना. जोडल्या, तर नुसती खरखर.

बुवांना सांगायला गेलो तर तेच मला समजावू लागले. "काहून घोर करता? पुन्हा म्हणू की." पण थंडी वाढली, त्यांना खोकला लागला, आणि पुढच्या कोजागिरीच्या आत बुवा गेले.

माझ्याकडे उरली ती आधीच जपून ठेवलेली नुसती पेटी. अकरा मिनिटं. अगदी शेवटी, मी हात उचलल्यावर, खोलीतून बुवांचा आवाज येतो, "झालं का?" तेवढाच.

ही अकरा मिनिटं मी पुष्कळदा ऐकली. आणि ऐकता ऐकता लक्षात आलं, की पेटी भयंकर बेसूर होती. भाता सुसू करत होता. पखवाज-टाळांच्या गजरात इतकी वर्षं ते कुणाला कळलं नव्हतं, मलाही नाही. बुवा त्या पेटीबरोबर गात होते, म्हणजे ते पेटीकडे दुर्लक्ष करून गात असणार!

मग एका रविवारी पेटी उघडली. आत उंदरांनी संसार मांडलेला. साफसफाई करून भात्याच्या घड्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवली; जिथे धूर हलला तिथे भोक. सरस गरम करून त्यावर पातळ चामड्याच्या पट्ट्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी एकही पट्टी न दाबता भाता मारला, तर हवा आत धरून राहिली. मला झालेला आनंद मी घरात कुणाला समजावू शकलो नाही.

सुरांचं काम नाजूक. आमची पेटी बेचाळीस पट्ट्यांची, खर्ज आणि नर असे दोन संच. म्हणजे चौऱ्याऐंशी पितळी सूर. सुराची जीभ टोकाशी किंचित घासली की ती हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी घासली की लवचीक होते आणि सूर उतरतो. खर्ज आणि नर एकत्र वाजवले, की आवाज हेलकावतो. सूर जुळत येतात तसे हेलकावे मंदावतात, आणि एका क्षणी थांबतात. तो क्षण कानाला कळतोच, त्याला शिकावं लागत नाही. मात्र प्रत्येक वेळी सूर काढायचा, घासायचा, बसवायचा, वाजवायचा. एकेका सुराला अर्धा अर्धा तास.

आणि हाताचं काम फार प्रेमळ असतं, असंही समजू नका. इथे चुकलं तर एक पाऊल मागे नेणारी कळ नाही. मध्य सप्तकातला गंधार मी इतका घासला, की त्याची जीभच तुटली. नवा सूर शोधत नांदेडला गेलो. दुकानदाराने गुजरातेतल्या पालिताण्याचा सूर काढून दिला. तिथे पेट्यांचे सूर बनतात. फरक एवढाच, की गंधार का गेला हे मला ठाऊक होतं. चाळीस मिनिटं का गेली, ते धड कळलं नाही.

गंमत म्हणजे, ज्या रेडिओवरून मी हे बोलतो आहे, त्या ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. ती उठली १९७१ मध्ये. पेटीवर मींड येत नाही, तिचे सूर परदेशी वळणाचे, असे आक्षेप होते. शास्त्रीय गाण्याच्या दृष्टीने त्यांत तथ्य आहेच. पण पॅरिसला जन्मलेलं आणि कलकत्त्यात मांडीशी बसवलेलं हे वाद्य गावोगावच्या देवळांत टिकलं, कारण ते कुणालाही उघडून पाहता येतं.

आता मंडळातली पोरं मोबाइलवर सगळं मुद्रित करतात. चांगलं होतं, वीज गेली तरी चालतं. मी नको म्हणत नाही. बुवांच्या चालींपैकी चार मला आठवतात, दोन अर्ध्या. त्या मी पोरांना पेटीवर वाजवून दाखवतो. एकाला चालींपेक्षा पेटीच्या आत काय आहे, यातच जास्त रस आहे. यंदा दसऱ्यानंतर त्याच्याकडून भात्याच्या नव्या पट्ट्या चिकटवून घ्यायच्या आहेत. जुन्या पुन्हा सुटू लागल्या आहेत.