नाकाच्या शस्त्रक्रियेचा जमाखर्च

शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून गृहस्थ दचकतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु सायनसच्या जुनाट विकारात दुसराही प्रश्न विचारावयास हवा : शस्त्रक्रिया न करणे कितीला पडते?

नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांची सूज 12 आठवड्यांहून अधिक टिकली, की विकार जुनाट समजतात. नाक चोंदते, डोके जड होते, वास कळेनासा होतो, झोप मोडते. औषधांचा खर्च वहीत चढतो. बुडालेले रोज आणि कामावर असूनही वाया गेलेले तास मात्र चढत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या अमेरिकेतील रुग्णांची एक पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. तीत हे नुकसान दरमाणशी वर्षाला सुमारे 10,000 डॉलर भरले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा खरा आर्थिक लाभ येथे आहे.

तथापि घाई नसावी. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात स्टिरॉइडचा फवारा, हे उपचार काही आठवडे नेमाने करावेत. गुण न आल्यास सी.टी. स्कॅन करून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. भूल, खोली, पुढील तपासण्या धरून एकूण खर्च आधीच विचारावा. शस्त्रक्रियेनंतरही धुणे व फवारा बहुधा चालूच राहतात. काहींच्या नाकात मांस पुन्हा वाढते. तोही खर्च वहीत धरावा.

ज्याचे पोट रोजंदारीवर आहे, त्याने तर दोन्ही बाजू मांडल्यावाचून होकारही देऊ नये आणि नकारही.