आपण कुठे उभे राहून पाहतो
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपण देवळात देव बघायला जात नाही, दर्शनाला जातो. हाच शब्द चित्रकारांनीही घेतला आहे. जवळचे मोठे, लांबचे लहान, रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जाऊन एका बिंदूत मिळालेल्या, असे चित्र काढण्याच्या पद्धतीला मराठीत यथादर्शन म्हणतात. मी डॉक्टर, चित्रकार नव्हे. पण डोळा आमच्याही अभ्यासात होता, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

या पद्धतीचा पाया अरब जगात घातला गेला. बसऱ्याला जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, असे तोवर पुष्कळ विद्वान मानीत. यांनी दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. पुढे 1435 मध्ये फ्लॉरेन्समध्ये अल्बर्टी यांनी चित्रकारांसाठी यथादर्शनाचे नियम लिहून काढले. ‘मनाझिर’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून आपली ‘नजर’ आली आणि ‘मंजूर’सुद्धा! मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेले’. न पाहता मंजूर करणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत, ते असो.

अल्बर्टींच्या नियमांत एक अट दडलेली आहे. पाहणारा एकाच जागी उभा, एकच डोळा उघडा, आणि तोही न हलणारा. देवाने आपल्याला डोळे दोन दिले, साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर. दोघांना थोडे थोडे वेगळे दिसते आणि मेंदू ते जुळवून खोली समजून घेतो. मोतीबिंदूचे एकाच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्यांना काही दिवस जिन्याच्या पायरीचा अंदाज येत नाही, हे इथे बसलेल्या कित्येकांना मी सांगायला नको.

युरोपातली ही नजर आपल्या देवघरात आणली ती राजा रविवर्मा यांनी. 1894 साली मुंबईत त्यांनी छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोहोचल्या.

पण त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात एक चित्र काढले गेले, ते मला जास्त जवळचे वाटते. बुद्ध हातात भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला आपल्याच घरी आले आहेत. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. तिघेही एकमेकांच्या अगदी जवळ, तरी बुद्ध प्रचंड मोठे आणि मायलेकरे चिमुकली. अल्बर्टींच्या नियमाने हे चूकच! पण वर्षानुवर्षे न पाहिलेला बाप मुलाला केवढा दिसत असेल? चित्रकार भिंतीसमोर उभा नाही, तो राहुलच्या जागी जाऊन उभा राहिला आहे.

दुबईत हे चित्र आठवते त्याला कारण आहे. आपल्यातले पुष्कळजण मुलाकडे किंवा मुलीकडे येऊन राहतात. चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून समोरचे बांधकाम दिसते, आणि त्यावरची माणसे बोटाच्या पेराएवढी. जुलैमध्ये एक काका मला म्हणाले, “डॉक्टर, दुपारी बघा, सगळे सावलीत लोळत असतात.” मी त्यांना सांगितले की 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला इथल्या सरकारची बंदी आहे. काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ते खाली गेले आणि त्या माणसांपैकी एकाशी बोलले. तो दोन वर्षे घरी गेला नव्हता. गावाकडे त्याचा एक राहुल आहे.

काकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. तो माणूस मोबाइल हात लांब करून धरत होता, तरी मुलीचा निरोप त्याला वाचता येईना. वय चव्वेचाळीस. ही चाळिशी, दुसरे काही नाही. डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे पुसट दिसते. लांबचे स्वच्छ दिसत असल्यामुळे माणसाला वाटते, डोळे ठीक आहेत. मग तो वाचणे सोडून देतो. पगाराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो, औषधाच्या बाटलीवरचे वाचतच नाही.

म्हणून मंडळाच्या वतीने विनंती. मी पैसे मागत नाही. इथल्या कायद्याने परवाना असलेल्या संस्थांनीच वर्गणी गोळा करायची असते, आणि तो नियम आपण पाळू. मला हवा आहे तुमचा वेळ. इमारतीचा वॉचमन, लिफ्ट पुसणारा, सामान आणून देणारा, यांना नाव विचारा. चाळिशीच्या पुढचा असेल तर हातात छापील कागद देऊन वाचायला सांगा. अक्षर दिसत नसेल तर चष्म्याच्या दुकानात किंवा दवाखान्यात सोबत जा. भाषेची अडचण असते, एकटा माणूस बिचकतो. मधुमेह असेल तर नुसता चष्मा पुरत नाही, डोळ्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. आणि कृपा करून स्वतःचा जुना चष्मा कुणाला देऊ नका, तुमचा नंबर त्याच्या कामाचा नाही.

ज्यांना सोबत जायला जमेल त्यांनी चपला ठेवण्याच्या जागेशेजारच्या टेबलावर वहीत नाव आणि येत असलेल्या भाषा लिहाव्यात. मराठी, हिंदी तर आहेच. तेलुगू, मल्याळम, बंगाली येणाऱ्यांची आज जास्त गरज आहे. वही मोठ्या अक्षरांत आखून घेतली आहे.