शेवटच्या पानातील समतोल

(आहारविषयक भाषणाचा संपादित भाग)



अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी एकच समजल्या जाव्यात, ही खेदाची बाब आहे. ज्या पिढ्यांनी दुष्काळ सोसला, त्यांना धान्याने भरलेली कणगी म्हणजेच समृद्धी वाटणे स्वाभाविक होते. आज मध्यमवर्गीय घरांत धान्याची चिंता उरलेली नाही. तरीही रक्तक्षय आणि मधुमेह यांनी त्याच घरांत ठाण मांडले आहे.

या विरोधाभासाचे उत्तर जुने आहे. सडून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळावरच पोट भरणाऱ्यांना बेरीबेरी होई, कारण कोंड्याबरोबर 'ब-१' जीवनसत्त्वही निघून जाई. याच रोगाच्या अभ्यासासाठी १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एक लहानसे केंद्र सुरू केले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. भरल्या पोटीही माणूस कुपोषित राहू शकतो, हा धडा या संस्थेच्या जन्मातच आहे.

या संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीसाठी तीत पुढील प्रमाण सांगितले आहे : धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. सामिष आहार घेणाऱ्यांना डाळींचा काही वाटा अंडी, मासे यांतून भरून काढता येतो.

ही मांडणी परकी नाही. मराठी पानाच्या डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात किंवा पोळी आणि शेवटी ताक. तीळ, जवस, कारळे, शेंगदाणे चटणीच्या रूपाने पोटात जात. धान्यातील प्रथिनांत जे घटक कमी पडतात ते डाळ पुरवते, डाळीतील उणीव धान्य भरून काढते. वरण-भात आणि भाकरी-पिठले या जोड्यांचे मर्म हेच आहे.

पान तेच राहिले, प्रमाण मात्र बिघडले. एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा असे ही तत्त्वे सांगतात. प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्क्यांपर्यंत जातो. आमटी पातळ झाली, कोशिंबीर सणापुरती उरली, पालेभाजी निवडण्यास वेळ नाही म्हणून मागे पडली आणि ती जागा बिस्किटे व फरसाण यांनी घेतली.

याहून गंभीर प्रश्न वाढण्याच्या क्रमाचा आहे. अनेक घरांत आधी पुरुष, मग मुले आणि शेवटी गृहिणी जेवते. तोवर भाजी तळाला गेलेली असते, दही संपलेले असते. उरते ती पोळी किंवा भात, आणि त्यावर लोणच्याची फोड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण ५४.२ टक्के होते. मासिक पाळी आणि बाळंतपण यांमुळे स्त्रीची लोहाची गरज अधिक असते. जिला सर्वाधिक हवे, तिच्याच पानात सर्वांत कमी पडते! याला त्याग म्हणून गौरवणे सोपे आहे. परंतु रक्तक्षयाने ग्रस्त मातेचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, म्हणजे या त्यागाचे मोल पुढची पिढीही चुकवते.

उपाय खर्चिक नाहीत. चौघांच्या घरात दिवसाला सुमारे ३४० ग्रॅम डाळ-कडधान्य शिजते का, हे वाण्याच्या यादीवरून पाहता येईल. कडधान्ये भिजवून मोड आणल्यास त्यांतील लोह शरीरास अधिक मिळते. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळल्यानेही लोहाचे शोषण वाढते. जेवणाला लागून घेतलेला चहा ते रोखतो. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना आठवड्यात नियमित स्थान द्यावे. रक्तक्षय असल्यास मात्र केवळ आहारावर न विसंबता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : दिवसातून एक वेळ तरी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येक पदार्थाचे वाटे आधीच करावेत. घराचा आहार समतोल आहे की नाही, याची परीक्षा पहिल्या पानावर होत नाही. ती शेवटच्या पानावर होते. ते पान परिपूर्ण असेल, तरच ते घर सुपोषित म्हणता येईल.