घास आणि करुणा
(भोकर येथे केलेले भाषण)



अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, पण ताट पाहून तोंड फिरवतो. घरचे म्हणतात, हट्टी झाला. बंधूंनो, तो हट्ट नसतो. मेंदूला इजा झाली की वास-चव जाऊ शकते, गिळताना ठसका लागतो आणि घासाचीच भीती बसते. आधी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. मग त्याला ताठ बसवून, त्यांनी सांगितलेले मऊ अन्न अर्धा चमचाच द्या. गिळले की शाबासकी द्या. नाकारले तर न रागावता थांबा. घास हळूहळू वाढवा. बळजबरीने भीती वाढते. तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वहस्ते केली. तीच करुणा आपल्या हातात असावी.

जयभीम! नमो बुद्धाय!