हळद, लसूण आणि कोंबडीचा हिशेब

कोंबडीवर कविता मी कधी लिहिली नाही. पण कोंबड्यांच्या हिशेबाची वही मात्र जागून वाचली आहे. मिरजेजवळ माझ्या पुतण्याची हजार पक्ष्यांची शेड आहे. तिच्यात माझीही थोडी पुंजी अडकली आहे.

एकदा तो म्हणाला, "चाचा, खाद्यात ओवा-लसूण-हळदीचा अर्क घालू या का? पक्षी चांगले भरतील म्हणतात." मला आमची दादी आठवली. अंगणातली कोंबडी सुस्त बसली, की ती लसूण ठेचून भरड्यात कालवायची.

पक्षी लवकर वाढावेत म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची रीत पडली. जंतू त्यांना सरावतात आणि मग माणसाच्या आजारातही ती औषधे लागू पडेनाशी होतात. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर थांबवला. आपल्याकडे २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. म्हणून वनस्पतींकडे लक्ष वळले. ओव्यातला थायमॉल, लसणातला अ‍ॅलिसिन प्रयोगशाळेत जंतूंना आवरतात. शेडमधला परिणाम मात्र अर्काच्या प्रतीवर आणि मात्रेवर ठरतो.

आता पैशांचे पाहू. ब्रॉयलरच्या खर्चात सुमारे दोन तृतीयांश वाटा खाद्याचा. हजार पक्षी दोन-दोन किलोचे झाले, की वजन २,००० किलो. किलोमागे १.८ किलो खाद्य लागले तर एकूण ३,६०० किलो, १.७ लागले तर ३,४००. वाचले २०० किलो. खाद्य ४० रुपये किलो धरले तर ८,००० रुपये. अर्क याहून स्वस्त पडला तरच फायदा.

आम्ही शेडच्या मधोमध जाळी लावली. पिल्ले तीच, खाद्य तेच; अर्क एकाच बाजूला. त्या बाजूला ६० किलो खाद्य वाचले, म्हणजे २,४०० रुपये. अर्काला गेले ३,०००! पुतण्याचा चेहरा पडला. वही पुन्हा चाळली, तेव्हा दिसले की दोन्ही बाजूंना मरतूक सारखीच जास्त होती. पाण्याची भांडी गळत होती, खालचे तूस ओले राहत होते.

पुढच्या बॅचला भांडी दुरुस्त केली, तूस रोज हलवले. मरतूक उतरली, पैसे शिल्लक राहिले. आता त्यातूनच पुतण्या स्वस्त अर्क आणून पुन्हा अर्ध्या शेडवर पाहणार आहे.

दादीचा लसूण खोटा नव्हता. पण ती आधी खुराडे झाडायची, मग लसूण ठेचायची. आम्ही उलटे केले होते.