धाप लागते? मग तपासून घ्या
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आरोग्य सखीने केलेले भाषण)



मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना धाप लागली की आपण म्हणतो, "ऊन लागलं असंल." कधी रक्त कमी असतं, कधी दुखणं हृदयाचं असतं. नुसतं बघून ते कळत नाही. शोधग्रामच्या डॉ. अभय बंगांनाही 1995 साली हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टरला येतो, तर आपल्याला का नाही?

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख. छातीत कळ, दरदरून घाम आला तर लगेच 108 ला फोन करा. दवाखान्यात आधी ईसीजीच काढतात. पण ईसीजी चांगला म्हणजे झडपाही चांगल्या, असं नाही.

झडपा आणि हृदयातलं छिद्र इकोत दिसतं. गरोदरपणी पोटाची सोनोग्राफी होते ना, तशीच ही छातीची. आवाजाच्या लहरींवर चालते, म्हणून पोटातल्या बाळाला अपाय नाही. गरोदर बाईला फार धाप लागत असेल तर बाळंतपणाची वाट पाहू नका. लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले असतील, तेही डॉक्टरांना सांगा. त्या आजारानं झडपा खराब होतात.

अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून औषध सोडतात. रक्तवाहिनी कुठं तुंबली, ते एक्स-रेवर दिसतं.

शस्त्रक्रिया सांगितली तर घाबरून घरी येऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. गाडीभाड्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहेच. बियाण्याला देतो, तसं बाईच्या जिवालाही देऊ.